इंदूरजवळच्या कच्च्या वाटांवर चालवायला माउंटन बाइक (एमटीबी) 27.5 इंची चाकाची घ्यावी की 29 ची?

उंची पाच फूट पाच, बजेट 25 हजार, रविवारी तिंछा-चोरलकडे जायचा विचार, आणि मित्र म्हणतात 29 च घे, 26 तर आता पोरांची सायकल झाली. असा तुमचा प्रश्न. शेवटचं वाक्य नसतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण हेच वाक्य मी 2016 पासून दर दिवाळीला आमच्या राजेंद्रनगरच्या घरी, फराळाच्या ताटावर ऐकत आलोय. बोलणारा माझा मेहुणा. राहतो पुण्यात, त्यामुळे डोंगर आपल्या मालकीचे आहेत असं त्याला वाटतं.

तर 2016 ची गोष्ट. दसरा झाला होता, दिवाळीला अवकाश होता. साहेब लवकर सुट्टी काढून आले, गाडीच्या मागे नवी कोरी 29 ची सायकल बांधून. माझ्याकडे 26 ची, 21 गियरची, तीन वर्षं वापरलेली. रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. खंडवा रोडने सिमरोल, तिथे पोहे, आणि मग डांबरी सोडून आत. आपल्याकडच्या वाटा तुम्हाला माहीतच असतील. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या ऑक्टोबरात वाळून दगडासारख्या होतात. त्यात एकदा पुढचं चाक शिरलं की ते चाकोरीच्या मर्जीने जातं, तुमच्या नाही. मध्येच काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, मध्येच सुटा मुरूम.

एका उतारावर मागून 'टक्' असा आवाज आला. बारीकच. मला वाटलं आरा तुटला. पुढे पन्नास पावलांवर मागचं चाक डावीकडे कललं, टायर फ्रेमला घासायला लागलं, आणि सायकल आपोआप थांबली. पडलो नाही, खरचटलंसुद्धा नाही. उतरून चाक हलवून पाहिलं तर हातात लुळं. चाक झटपट काढायच्या क्विक रिलीजची बारीक सळई एक्सलच्या आतून गेलेली होती म्हणून ते जागेवर तरी राहिलं, नाहीतर सुटूनच आलं असतं.

मेहुणा वर चढून परत आला, सायकल आडवी टाकली, बाटलीतलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊजी, म्हणून सांगत होतो. लहान चाक खड्ड्यात बसतं, दणका सगळा एक्सलला. 26 पोरांना द्या आता." मागचं चाक उचलून धरून चार किलोमीटर चाललो मी. तो शेजारून सायकलवर, अगदी हळूहळू, सोबत म्हणून. शेवटी सोयाबीनची पोती घेऊन मंडीला निघालेल्या एका पिकअपवाल्याला दया आली. "भिया, पीछे बोरों पे डाल दो," म्हणाला. सायकल पोत्यांवर, मी पोत्यांवर, आणि मागून 29 इंची वरात.

सोमवारी रामबागेतल्या उस्तादांकडे चाक नेलं. त्यांनी एक्सलवरचे दोन्हीकडचे कोन नट सोडले आणि एक्सल बाहेर ओढला. दोन तुकडे. दहा मिलिमीटरचा, आतून पोकळ एक्सल, त्यामुळे तुटलेली जागा अंगठीसारखी दिसत होती. उस्तादांनी फडक्याने ग्रीस पुसलं आणि ती अंगठी उन्हात माझ्यासमोर धरली. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला. उरलेला चांदीसारखा चकचकीत. "देखो भिया, ये कल नहीं टूटी. ये तो बरसात से टूट री थी." काळा भाग म्हणजे जुनी चीर, महिनोन्महिने सरकत आलेली. चकचकीत तेवढी रविवारची. म्हणजे तो दगड नुसता निमित्त होता, आणि मेहुण्याचा सिद्धांत त्या अंगठीने तिथेच निकालात काढला. त्याने मात्र तो आजतागायत मागे घेतलेला नाही.

खरं कारण ज्यांना फक्त चाकाचा आकार विकत घ्यायचा असतो त्यांना कोणी सांगत नाही. स्वस्त एमटीबीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. दात्यांचा अख्खा गठ्ठा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बाहेर आट्यांवर फिरवून बसवलेला. त्यामुळे उजवीकडचे छर्रे राहतात आत, हबच्या पोटात, आणि तिथून फ्रेमच्या खाचेपर्यंत तीन सेंटीमीटरच्या वर एक्सल नुसता अधांतरी. तुमचं वजन, उतारावरचे दणके, सगळं त्या अधांतरी तुकड्यावर. तो आधी वाकतो, मग चिरतो. दुसरा प्रकार कॅसेट, त्यात दाते हबवर सरकवून बसवतात. कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे पार बाहेर, फ्रेमजवळ येतात, एक्सलला आधार मिळतो. जपानच्या शिमानो कंपनीने ही रचना 1978 साली बाजारात आणली. तरी आज दुकानात झगमगत्या 29 च्या सायकलींमध्येसुद्धा फ्रीव्हील सर्रास दिसेल. चाक मोठं करायला खर्च कमी लागतो, हब सुधारायला जास्त. त्यात चाक फोटोत दिसतं, हब दिसत नाही.

माउंटन बाइकिंगच्या जन्मकथेतही हबच आहे. कॅलिफोर्नियात 1976 साली ज्या उतारावर पहिल्या शर्यती झाल्या त्याचं नावच 'रिपॅक'. मागे पायडल मारून लावायच्या ब्रेकचे जुने हब त्या उतारावर इतके तापायचे की ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि दर फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरायला लागायचं, म्हणजेच रिपॅक. त्या जुन्या श्विन कंपनीच्या सायकली 26 च्या होत्या, म्हणून पुढे सगळं 26 झालं. एवढंच कारण.

आणि 29 चा एवढा डौल कशाला? रिमचे आकडे घ्या. 26 म्हणजे 559 मिलिमीटर, 27.5 म्हणजे 584, 29 म्हणजे 622. म्हणजे 26 आणि 27.5 मध्ये फक्त 25 मिलिमीटरचा फरक, तोही व्यासाचा. एक्सल जमिनीपासून जेमतेम सव्वा सेंटीमीटर वर येतो. नाव ऐकून वाटतं 27.5 बरोबर मधोमध असेल. नाही, ते 26 चंच सख्खं भावंड आहे. 622 ही तर रेसिंग सायकलचीच 700 सी रिम. आणि आपल्या आजोबांची काळी सायकल, 28 इंची, तिची रिम 635 ची, 29 पेक्षा मोठी! मेहुण्याला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याने चकली तोंडात तशीच धरून मोबाइल काढला होता. आकडा बरोबर निघाला. मग म्हणतो, "पण टायरसकट मोजा ना." बरं, टायरसकट 29 मोठं भरतं, मान्य. पण रिम आजोबांचीच मोठी.

त्याचं दुसरं अस्त्र ऑलिंपिक. 2012 ला लंडनमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत चेक खेळाडू कुल्हावी 29 वर सोनं जिंकला, 27.5 वाला स्विस निनो शुर्टर दुसरा आला. अंतर एका सेकंदाचं. 2016 ला रिओत शुर्टर स्वतःच 29 वर बसून सोनं घेऊन गेला. कबूल. पण त्या सायकलींचे मागचे हब काढून 21 गियरच्या सायकलचं फ्रीव्हील लावा आणि मग खंडवा रोडवरच्या भेरूघाटाखाली भेटा.

आता तुमचं. पाच फूट पाचला दोन्ही चालतील, पण ह्या बजेटमधल्या 29 च्या फ्रेम बहुधा लांब आणि उंच असतात. दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर वरच्या दांड्याखाली दोन-तीन बोटं तरी मोकळी राहायला हवीत. मी तुमच्या जागी असतो तर 27.5 घेतली असती, छोट्या फ्रेमची. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. गियर तेच ठेवून चाक मोठं केलं की प्रत्येक गियर जड होतो. पुढे 24 दाते, मागे 28, तर पायडलच्या एका फेऱ्यात 26 ची सायकल सुमारे 1.8 मीटर पुढे जाते, 29 ची जवळजवळ 2 मीटर. सपाटीला मजा आहे, पण चोरलहून वर सिमरोलला परत येताना तेच वीस सेंटीमीटर मांड्या मोजतात. 29 च घ्यायची असेल तर मागची सर्वांत मोठी चकती 34 दात्यांची तरी असू द्या.

दुकानात गेल्यावर पहिलं काम: मागचं चाक उचला आणि दात्यांचा गठ्ठा हाताने उलटा फिरवा. अगदी मध्ये, एक्सलभोवती, पाना बसायच्या खाचा दिसतील. गठ्ठ्याबरोबर खाचाही फिरल्या तर कॅसेट. गठ्ठा फिरतोय आणि खाचा जागच्या जागी, तर फ्रीव्हील. सर्वांत लहान चकतीचे दातेही मोजा. 14 असतील तर बहुधा फ्रीव्हील, 11 असतील तर बहुधा कॅसेट. दुकानदार "एकच असतं हो दोन्ही" म्हणाला तर दुकान बदला.

पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या जाड चिमट्याला भुलू नका, स्वस्तातला चिमटा नुसता वजन वाढवतो. मागेही सस्पेन्शन असलेली सायकल ह्या बजेटमध्ये दाखवली तर तिच्याकडे बघूही नका. पावसात काळ्या मातीत कुठल्याच आकाराचं चाक चालत नाही. चिमट्यात आणि ब्रेकमध्ये चिखल भरून सायकल उभी राहते, आणि मग काडीने खरवडत बसा. नोव्हेंबर ते मार्च हा आपला मोसम. हवा पंक्चरवाल्याच्या अंदाजाने भरू नका, तो दगड करून देतो. ट्यूब असेल तर माझ्यासारख्या वजनदार माणसाला 35 पीएसआय, तुम्ही हलके असाल तर 30 च्या आसपास. त्याहून खाली गेलात तर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चेपून सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात.

आता थोडं मेहुण्याच्या बाजूचं, नाहीतर तो इथे येऊन लिहील. त्या रविवारी तिंछाच्या अलीकडे जी पाषाणाची पायरी होती, ती तो बसल्या बसल्या पार करून गेला आणि मी उतरून ढकलली. मोठं चाक अडथळ्यावर सपाट कोनातून चढतं, हे खरं आहे. आणि 26 नवीन घ्या असं मी कोणालाच म्हणणार नाही. साधे टायर कोपऱ्यावर मिळतात, पण चांगले ट्यूबलेस टायर शोधता शोधता जीव जातो. माझंच खूळ आहे म्हणून मी त्याच फ्रेमवर कॅसेटचा हब बांधून घेतला, आणि ते चाक आजही चालतंय.

आणखी एक. माझं वजन तेव्हा 94 किलो होतं. शिवाय त्या सायकलला मी कॅरियर लावला होता, आणि तो अख्खा पावसाळा गिरणीतून वीस-वीस किलोचं दळण त्यावरून आणत होतो. तुटलेला एक्सल आमच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवलाय, दिवाळीला पुरावा म्हणून बाहेर निघतो. दळणाचं मात्र घरात फक्त बायकोला ठाऊक आहे. सख्ख्या भावासमोर ती अजून तरी काही बोललेली नाही.