वाचकांचे प्रश्न : बोट मोठी असली की गर्दी होणारच का?

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही नऊ जण क्रूझला जायचं म्हणतोय. सासूबाई ७४ वर्षांच्या, सर्वांत धाकटा नातू पाच वर्षांचा. मोठा दीर म्हणतो, सिंगापूरहून सुटणारी मोठी बोट घेऊ. जाऊबाईंच्या माहेरची मंडळी तशाच एका बोटीवर जाऊन आली. ती सांगतात की जेवायला रांग, लिफ्टला रांग आणि मुख्य शोला जागाच मिळाली नाही. त्यापेक्षा मुंबईहूनच लहान बोटीने गेलेलं बरं का? सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांना करमेल का, हीही काळजी आहे.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, मी दादरला शिवाजी मंदिरात हौशी नाटकांचे दिवे करत शिकलो आणि पुढे बरीच वर्षं क्रूझ बोटींच्या थिएटरात लाइट बोर्डवर बसलो. त्यामुळे शोला जागा न मिळालेली माणसं दारातून परत फिरताना मी वरून पाहिली आहेत. ते पाहताना जीव तुटायचा. तिकिटाच्या पैशांत शो धरलेला असतो, हातात लहान मूल असतं आणि दार बंद. म्हणून आधी शोचं सांगतो.

खुर्च्यांचा हिशेब करून पाहा. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ओअॅसिस वर्गातल्या, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या मोठ्या बोटींपैकी एखादीच्या मुख्य थिएटरात साधारण १४०० खुर्च्या असतात. एका रात्री दोन प्रयोग धरले तर २८०० माणसं बसतात, दोन रात्रींत ५६००. एका कॅबिनमध्ये दोघं धरली तर बोटीवर ५४०० च्या आसपास प्रवासी असतात, म्हणजे गणित जेमतेम जुळतं. पण शाळांना सुट्टी लागली की भिंतीतून खाली ओढायच्या तिसऱ्या-चौथ्या बर्थवर मुलं येतात आणि आकडा ६००० च्या पुढे जातो. याच कंपनीची आइकॉन ऑफ द सीज ही २०२४ साली मायामीहून सुरू झालेली बोट घ्या. दोघांच्या हिशेबाने ५६१० प्रवासी, सगळे बर्थ भरले तर सुमारे ७६००. म्हणून कंपनीला किंवा एजंटला विचारायचा पहिला प्रश्न हा की, आमच्या फेरीत मुख्य शोचे प्रयोग किती आहेत? सात रात्रींच्या फेरीत ते पुरेसे असण्याची शक्यता जास्त. तीन-चार रात्रींच्या फेरीत जागांची ओढाताण होते. तुमच्या नातेवाइकांची फेरी किती रात्रींची होती, ते जरूर विचारा.

आता लहान बोटीचं. बोट लहान म्हणजे गर्दी कमी, हे मला मान्य नाही. बोटीच्या ग्रॉस टनेजला प्रवाशांच्या संख्येने (एका कॅबिनमध्ये दोघं धरून) भागून पाहायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. हे टनेज वजनाचं नसतं, बोटीच्या आतल्या एकूण जागेचं असतं. आइकॉनचं टनेज सुमारे २,४८,६०० आहे, भागाकार ४४ येतो. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट १९९० साली बांधलेली, टनेज सुमारे ४८,५००, तिचा भागाकार तिशीच्या आसपास. म्हणजे माणशी जागा मोठ्या बोटीवरच जास्त. हा आकडा सगळं सांगत नाही, कारण त्यात इंजिनरूमही आली. पण बुफेत खांद्याला खांदा लागेल का, याचा अंदाज येतो. एम्प्रेसचे फायदे वेगळे आहेत. व्हिसा नको, विमान नको, बॅलार्ड पिअरला टॅक्सीने पोचता येतं, आणि सासूबाईंना कॅबिनपासून जेवणापर्यंत फार चालावं लागत नाही. दोन-तीन रात्री पुरत असतील तर खुशाल जा. मात्र शनिवार-रविवार टाळून मधल्या वारांची फेरी घ्या, वीकेंडला मित्रमंडळींचे मोठे ग्रुप असतात.

सिंगापूरच ठरलं तर तारीख मेच्या पूर्वार्धातली धरा. आपल्या शाळा मेमध्ये बंद असतात, सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी मेअखेर सुरू होऊन जूनभर चालते. त्या आधीच्या फेऱ्यांत तिथली कुटुंबं कमी असतात. फक्त १ मेला लागून आलेली सुट्टी चुकवा. युरोपातही जुलै-ऑगस्टच्या मानाने मे बरा.

बोटीवर चढल्यावर गर्दी ठरलेल्या वेळी होते. समुद्रावरच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला बुफेत जाऊ नका. बसून वाढतात त्या मुख्य डायनिंग रूममध्ये नाश्ता करा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बंदराच्या दिवशी सगळे उतरले की पूल मोकळा होतो, पाच वर्षांच्या नातवाला पाण्यात सोडायची तीच वेळ. कॅबिन बोटीच्या मध्यावर, लिफ्टजवळ घ्या. भाडं थोडं जास्त पडेल, पण सासूबाईंसाठी तिथे कंजुषी करू नका.

मनोरंजनाच्या दर्जाबद्दल मी स्पष्ट बोलतो. लहान बोटीवर कलाकार थोडे, संगीत बऱ्याचदा रेकॉर्ड केलेलं, आणि दर दोन-तीन दिवसांनी प्रेक्षक बदलतात म्हणून तोच कार्यक्रम पुन्हा. मोठ्या बोटीवर नर्तक-गायकांचा संच महिनोन् महिने एकत्र असतो, जिवंत वाद्यवृंद असेल तर फरक पहिल्या मिनिटाला कळतो. आणि भाषेची अडचण तिथेच सुटते. बर्फावरच्या नाचाला किंवा उंचावरून पाण्यात झेप घेणाऱ्यांना इंग्रजी लागत नाही. बर्फाचा रिंक रॉयल कॅरिबियनच्या १९९९ च्या व्हॉयेजर ऑफ द सीजपासून बोटींवर आहे, पण सगळ्या बोटींवर नाही. त्याच कंपनीच्या क्वांटम वर्गातल्या बोटींवर तो नसतो, तिथे रोबोटच्या हातांवर हलणारे मोठे पडदे असलेलं दालन असतं. तेही सासूबाईंना आवडेल. विनोदी एकपात्री मात्र त्यांच्यासाठी टाळा.

ज्या बोटींवर शोची जागा अॅपवर आधी धरता येते, तिथे नोंदणी उघडली की सर्वांत आधी पाण्यावरचा आणि बर्फावरचा शो घ्या, आणि तोही फेरीच्या पहिल्या दोन रात्रींतला. वारा किंवा लाटा वाढल्या की हे दोन शो रद्द होतात. सुरुवातीचा रद्द झाला तर पुढच्या प्रयोगाला जागा मिळण्याची आशा असते. नऊ जागा एकत्र मिळाल्या नाहीत तर पाच आणि चार अशा घ्या, सासूबाईंना रांगेच्या कडेची खुर्ची द्या. नोंदणी हुकलीच तर अर्धा तास आधी दारापाशी थांबा. सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी रिकाम्या जागा सोडतात, आणि त्या बऱ्याच असतात.