क्रम एकने सरकवताना डेटाबेस का अडतो?

प्रश्न: पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या ‘धडे’ टेबलात ‘क्रम’ या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम) आहे. नवा धडा मधे घालायचा म्हणून पुढच्या सगळ्यांचा क्रम एका अपडेटमध्ये एकने वाढवला, तर ‘डुप्लिकेट की’ अशी एरर येते. शेवटी कुठलाच क्रम दोनदा येणार नसतो. हीच क्वेरी सहकाऱ्याच्या मशीनवर चालली! कन्स्ट्रेंट काढून टाकू का?

उत्तर: अजिबात काढू नका. आज कोडमध्ये काळजी घ्याल, पण उद्या दोन जण एकाच वेळी धडा घालतील तेव्हा तो कन्स्ट्रेंटच तुमचा डेटा वाचवेल.

तुमची तक्रार रास्त आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या स्टँडर्डनुसार ही तपासणी स्टेटमेंट (एक पूर्ण आज्ञा) संपल्यावर व्हायला हवी. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस तशीच करतात. पोस्टग्रेस मात्र साधा युनिक कन्स्ट्रेंट प्रत्येक ओळ बदलताक्षणी तपासतो. 5 चा 6 करायला गेला आणि जुना 6 अजून जागेवरच असला, की तिथेच अडला. सहकाऱ्याच्या टेबलात मोठ्या क्रमाच्या ओळी आधी हाताळल्या गेल्या असणार, म्हणून त्याचं निभावलं. त्या योगायोगावर विसंबू नका.

उपाय पोस्टग्रेस 9.0 पासून, म्हणजे 2010 पासून उपलब्ध आहे. कन्स्ट्रेंट ‘डिफरेबल इनिशियली इमीजिएट’ (डिफरेबल म्हणजे तपासणी पुढे ढकलता येणारा) करा, म्हणजे तपासणी स्टेटमेंटच्या शेवटी होईल. आहे तो कन्स्ट्रेंट जागच्या जागी बदलता येत नाही. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा आज्ञांचा गट) जुना काढून नवा घाला. कन्स्ट्रेंट न घालता नुसता युनिक इंडेक्स केला असेल तर त्याला ही सोय नाही.

‘इनिशियली डिफर्ड’ केलंत तर तपासणी थेट कमिटला, म्हणजे ट्रान्झॅक्शन कायम करताना, होते. मी ते सरसकट वापरत नाही. चूक एका ओळीत आणि एरर कमिटवर, मग शोधत बसा! खरंच अनेक स्टेटमेंट मिळून एक बदल होत असेल, तर तेवढ्या ट्रान्झॅक्शनपुरती तपासणी ‘सेट कन्स्ट्रेंट्स’ या आज्ञेने पुढे ढकला.

दोन गोष्टी आधी पाहून घ्या. दुसऱ्या टेबलाची फॉरेन की (एका टेबलातलं मूल्य दुसऱ्याशी जोडणारा नियम) ‘क्रम’कडे बोट दाखवत असेल, तर हा कन्स्ट्रेंट डिफरेबल करता येणार नाही. आणि ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’साठीही (ओळ घालताना टक्कर झाली तर काय करायचं ते सांगणारा भाग) तो चालत नाही.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये डिफरेबल प्रकारच नाही. तिथे अपडेटला क्रमानुसार उतरता ‘ऑर्डर बाय’ जोडा, म्हणजे मोठा क्रम आधी सरकेल आणि मागच्याला जागा मोकळी मिळेल.