अतिनील, जंबुपार आणि तानापिहिनिपाजा

‘अतिनील किरण आणि लोह वापरून पाण्यातील प्रतिजैविकांचे विघटन’ असं शीर्षक एका वाचकाने आपल्या लेखाला दिलं. संपादकांनी ‘अतिनील’ खोडून ‘जंबुपार’ केलं आणि ‘विघटन’च्या जागी ‘नाश’ सुचवलं. बरोबर कोण, असं त्या वाचकाने विचारलंय.

पहिल्या दुरुस्तीत संपादक चुकलेले नाहीत. शाळेतलं तानापिहिनिपाजा आठवा. निळ्यानंतर पारवा आणि जांभळा उरतातच, म्हणजे ‘अतिनील’ शब्दशः घेतला तर किरण जेमतेम पारव्यात पाय ठेवतो. जंबु म्हणजे जांभूळ, तेव्हा ‘जंबुपार’ नेमका जांभळ्यापलीकडे पोचतो. मराठी विश्वकोशाने तोच घेतला आहे. तरी मी ‘अतिनील’ ठेवीन. पाठ्यपुस्तकांनी तो रुळवलाय, आणि ‘जंबुपार’ ऐकून एखाद्याला ओढ्यापलीकडचं गावच वाटायचं.

फक्त हा ‘अति’ म्हणजे ‘फार’ नव्हे. ‘अति तिथं माती’तला नाही, ‘अतींद्रिय’, ‘अतिक्रमण’ यांतला, हद्द ओलांडणारा. आमच्या ओट्यावरच्या प्युरिफायरमधला निळसर उजेड पाहून पाहुणे म्हणतात, ‘हेच ना अतिनील?’ नाही. तो पाऱ्याच्या वाफेचा साधा दिसणारा प्रकाश. जंतू मारणारा २५४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसतच नाही.

‘विघटन’बाबत मात्र मी लेखकाच्या बाजूने. लोहाच्या फेरस क्षारात हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलं की ते जबरदस्त ऑक्सिडीकारक बनतं, हे हेन्री फेंटन यांनी १८९४ साली दाखवलं. त्यातून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे अतिशय क्रियाशील अणुगट, निघतात आणि समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. पण या झटापटीत फेरसचं फेरिक, म्हणजे लोहाचंच जास्त ऑक्सिडीकरण झालेलं रूप, होतं आणि काम मंदावतं. अतिनील किरण फेरिकला पुन्हा फेरस करतात, म्हणून थोडक्या लोहावर गाडा चालू राहतो. आता टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घ्या. चार कडी एकमेकींना चिकटलेली, नावातच ‘टेट्रा’. त्यातलं एखादं कडं फुटलं तरी मूळ रेणू मोडला, पण तुकडे पाण्यातच असतात. तेही पुढे मोडत कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांपर्यंत गेले तर त्याला ‘खनिजीकरण’ म्हणतात, आणि दरवेळी मजल तिथवर जातेच असं नाही. ‘नाश’ लिहिलंत तर वाचक समजेल, मागे काहीच उरलं नाही. हिंदीतलं ‘निम्नीकरण’ही नको, कुणाची पदावनती झाल्यासारखं वाटतं.

जाता जाता एक गंमत. हे किरण १८०१ साली योहान रिटर यांना सापडले. वर्णपटात जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळवंडलं. त्यांनी नाव रंगावरून दिलंच नाही, ‘ऑक्सिजन हिरावणारे किरण’ अशा अर्थाचं दिलं. रसायनाच्या भाषेत हे क्षपण, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया, आणि फेरिकचं फेरस होणं म्हणजेही क्षपणच.

‘लोह’ योग्य आहे. ‘लोखंड’ केलंत तर कुणी पाण्यात खिळे टाकेल. तसेही प्रयोग होतात म्हणा, पण तुमच्या लेखात क्षार विरघळवलेला आहे.