जावा 8 आणि 256 बिटांची कळ

प्रश्न : आमच्या जुन्या सर्व्हरवर जावा या प्रोग्रामिंग भाषेची जावा 8 ही आवृत्ती आहे. एईएस या पद्धतीने माहितीचे कूटलेखन करण्यासाठी 256 बिटांची कळ (गुप्त किल्ली) दिली की कळीचा आकार अवैध असल्याची त्रुटी येते. 128 बिटांची मात्र चालते. आमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे का?

उत्तर : चूक आपल्या प्रोग्राममध्ये नसावी. अमेरिकेचे निर्यात नियम आणि काही देशांचे आयात निर्बंध लक्षात घेऊन जावाच्या जुन्या आवृत्त्यांत एईएसची कळ मुळातच 128 बिटांपुरती मर्यादित ठेवलेली असे, आणि अधिक लांबीची कळ हवी असल्यास जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीकडून दोन वेगळ्या धोरण-फाइली (कळीच्या लांबीची मर्यादा ठरवणाऱ्या फाइली) उतरवून मूळ फाइलींच्या जागी ठेवाव्या लागत. ऑक्टोबर 2017 मधील 8यू151 (जावा 8 चे 151 क्रमांकाचे अद्यतन) पासून हा खटाटोप उरला नाही : सुरक्षा-फोल्डरमधील ‘जावा.सिक्युरिटी’ या फाइलीत ‘क्रिप्टो.पॉलिसी’चे मूल्य ‘अनलिमिटेड’ करून प्रोग्राम पुन्हा सुरू करणे पुरते. जानेवारी 2018 मधील 8यू161 पासून, तसेच जावा 9 मध्ये, ही मोकळीक आपोआपच मिळते. म्हणून फाइली बदलत बसण्यापेक्षा आवृत्तीच अद्ययावत करावी, असा माझा आग्रह आहे, कारण त्यासोबत इतर सुरक्षा-दुरुस्त्याही येतात. तोवर 128 बिटांच्या कळीने सुरक्षित केलेली माहिती उघडी पडली, असे मात्र समजू नये. ती कळ आजही भक्कम मानली जाते.