एमएम ५४० ला चार इंच लिफ्ट: शिरपूरहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. वडिलांची १९९४ ची महिंद्राची एमएम ५४० जीप, एमएच १८ म्हणजे धुळ्याचं पासिंग, बरीच वर्षं शेतावर राबलेली. २०२४ ला पासिंग पुन्हा करून घेतलंय. खर्चायला दोन लाखांच्या आसपास आहेत. मनात चार इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), चिखलासाठीचे ३३ इंची मड टायर, अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच, लोखंडी बंपर आणि टपावर लाइट बार आहे. फिरायचंय सातपुड्याच्या पायथ्याला, धडगाव-तोरणमाळकडच्या कच्च्या वाटांवर आणि अनेर-तापीच्या पात्रात. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

लिफ्टपासून करू नका. तुमच्या यादीतल्या पाच गोष्टींपैकी चार गाडीचं वजन वाढवतात आणि पाचवी, म्हणजे टायर, गाडीची ताकद कमी करते. आपल्या भागातल्या वाटांसाठी ही गाडी मुळातच पुरेशी आहे. फक्त ती आज मूळ अवस्थेत नाही. तीस वर्षांत जे झिजलं, वाकलं, कुणीतरी बदललं, ते आधी परत आणा. माझ्या हिशेबानं निम्मे पैसे तिथेच जातील, आणि तो खर्च वाया जाणार नाही.

पहिली चासी बघा. बॉडी धुऊन, गाडी उचलून, खालून तारेच्या ब्रशनं माती काढा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ, बॉडी माउंटच्या खाली आणि विशेष करून स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती बारीक तडा आहे का ते उजेड मारून बघा. स्टिअरिंग बॉक्सची जागा जुन्या जीपमध्ये हमखास तपासावी लागते, कारण खड्ड्यातला प्रत्येक दणका तिथे येऊन पोचतो. तडा असेल तर वेल्डिंगचा नुसता थर देऊन भागत नाही. तड्याच्या टोकाला छिद्र पाडून तो थांबवायचा, भरायचा आणि वरून पट्टी द्यायची. हे काम गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडून करून घेऊ नका.

मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत. व्हील सिलिंडर, होज आणि लायनर सगळे नवे टाका, ड्रम टर्न करून घ्या. पुढे डिस्क बसवता येतात आणि बसवाव्यात असंच मी म्हणेन, पण ते पुढच्या टप्प्यात. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, किंगपिनचे बेअरिंग आणि प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हातानं हलवून बघितले की खेळ लगेच कळतो. आमच्याकडचे जुने मेस्तरी म्हणतात, "पयले ब्रेक देख, मंग टायर देख." त्यात फरक करावा असं मला आजवर वाटलेलं नाही.

आता पाट्यांकडे येतो, कारण तुमच्या लिफ्टचं मूळ दुखणं तिथे आहे. खानदेशातली ही जीप शौकासाठी कुणी घेतली नव्हती. तिनं माणसं वाहिली, कापसाच्या गाठोड्या वाहिल्या, केळीची खतं वाहिली. त्यामुळे बहुतेक गाड्यांना मागे जादा पाटा टाकलेला सापडतो, कधी पुढेही. तो पाटा ओझ्यासाठी होता. रिकाम्या गाडीत तो चाकाला खाली सुटू देत नाही. मग एका बाजूचा दगड आला की दुसऱ्या बाजूचं मागचं चाक हवेत जातं आणि ओपन डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला दोन चाकांत ताकद वाटणारा साधा गिअर, सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाला देऊन टाकतं. लोकांना वाटतं गाडी उंच नाही म्हणून अडकली. खरं तर ती ताठ आहे म्हणून अडकली. जादा पाटे काढा, उरलेले सुटे करून गंज घासून काढा, पाटेवाल्याकडून बाक पुन्हा भरून घ्या, बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी) नवे टाका, ग्रीस करा. गाडी बसलेली असेल तर एवढ्यानं तिची मूळ उंची परत येते आणि चाकं जमिनीला चिकटून राहतात. शॉकअॅब्सॉर्बर त्यानंतर घ्या. चाक पूर्ण खाली सुटलेलं असताना आणि पूर्ण वर दाबलेलं असताना दोन्ही मापं काढून.

चार इंच लिफ्टनं नेमकं काय होतं ते सांगतो. बॉडी आणि चासी वर जाते, एक्सल जागेवरच राहतो. दगडावर घासतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो लिफ्टनं एक सूतही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरनं वर जातो. मूळ ६.००-१६ टायर साधारण साडेअठ्ठावीस इंचांचा. ३३ इंची टाकला तर गोळा सव्वादोन इंच उचलला जाईल, बस्स. बदल्यात प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकांकडे नेणारा दांडा, तिरकी होते, म्हणून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. लांब शॅकल टाकून उंची मिळवली तर पुढचा कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि महामार्गावर गाडी सरळ राहत नाही. शिरपूरहून निघालं की बऱ्याचदा मुंबई-आग्रा महामार्ग लागतोच. तिथे ट्रकच्या रांगेत भरकटणारी गाडी नको. पाटे एक्सलच्या वर घेण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. स्टिअरिंगची पूर्ण भूमिती बदलल्याशिवाय ते करू नका.

३३ इंचांचा दुसरा हिशेब ताकदीचा. टायर सुमारे १६ टक्के मोठा झाला की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. तुमच्या ट्रान्सफर केसचा (फोर-व्हील आणि लो गिअर देणाऱ्या पेटीचा) लो २.४६ आहे, तो व्यवहारात २.१ च्या आसपास येतो. इंजिन २११२ सीसीचं, टर्बो नसलेलं प्यूजो डिझेल, ६० च्या आसपास अश्वशक्तीचं. या गाडीची सगळी किमया लो गिअरमध्ये हळूहळू चढण्यात आहे, आणि तीच आपण मोठ्या टायरला देऊन बसतो. ब्रेकचा जोरही तेवढाच कमी पडतो. एक्सल शाफ्टवर ताण वाढतो तो वेगळाच. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६९-७० ला असेल.

म्हणून टायर २३५/७५ आर १५, ऑल टेरेन. व्यास जवळजवळ मूळ टायरइतकाच, २९ इंचांच्या आत. रिम पाच बोल्टच्या, १३९.७ पीसीडीच्या (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) हव्यात. बोलेरोच्या १५ इंची रिमा बऱ्याच जणांनी लावल्यात, पण हब आणि टाय रॉडला लागत नाही ना ते स्वतः बसवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. १५ इंचांवर यायचं खरं कारण ट्यूबलेस. ट्यूबच्या टायरमधली हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व उपटला जातो. आणि हवा कमी करता येणं हीच सगळ्यात स्वस्त ऑफ-रोड तयारी आहे. वाळूत १५ ते १८ पीएसआय, दगडी वाटेवर २० ते २२, आणि डांबरावर यायच्या आधी पुन्हा भरायची. बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर आणि विश्वासाचा गेज, एवढं विंचच्या आधी घ्या.

मड टायर का नको, तर आपल्या जमिनीमुळे. तापीकाठची काळी माती, शिरपूर-चोपडा-यावल-रावेर पट्ट्यातली, पावसात फुगते आणि टायरच्या खाचांत लिंपून बसते. दोन फेऱ्यांत मड टायरही गुळगुळीत होतो. तिथे खाली कडक थर जवळपास सापडतच नाही, गाळ खोलवर गेलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्या शिवाररस्त्यांवर कुठल्याच टायरनं जाऊ नये. गाडी तर रुततेच, पण चाकोरी पडून शेतकऱ्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर महिनाभर अडतात. सातपुड्याच्या उतारावर उलट आहे. मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि कातळ. तिथे मध्यम रुंदीचा टायर चिखल कापून खालच्या कडक थराला धरतो, रुंद टायर वरच तरंगतो. आणि साक्री-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या सरळ रेषेत पळणाऱ्या भिंती दिसतात ना, त्या भागातले दगड धारदार असतात. तिथे टायर फाटतो तो बाजूनं. साइडवॉल जाड असलेला टायर निवडा आणि स्टेपनी त्याच मापाची ठेवा.

आता आपल्या भागातली सगळ्यात मोठी गोष्ट: उष्णता. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या हवेत लो गिअरमध्ये ताशी पाच-सात किलोमीटरनं चढ चढताना समोरून वारा येत नाही, सगळं काम पंख्याला करावं लागतं. रेडिएटर काढून आतून साफ करून घ्या, गाळ जास्त असेल तर कोअर नवा. पंख्याभोवतीचं कव्हर बऱ्याच गाड्यांतून कुणीतरी काढून टाकलेलं असतं; ते परत बसवा, त्याच्याशिवाय पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला ऐकू नका. तो काढला की इंजिन थंडीत कधी नीट तापत नाही आणि झीज वाढते. बिघडला असेल तर नवा टाका. साध्या पाण्याऐवजी कूलंट, प्रेशर कॅप नवी, वॉटर पंपाचं बेअरिंग तपासलेलं, आणि डॅशवर नीट चालणारा तापमानाचा काटा. पुढे विंच आणि जाड बंपर लावलात तर जाळीसमोरच आडोसा उभा राहतो, म्हणजे जिथे वारा हवा तिथेच आपण दार लावतो. लाइट बारबद्दल एवढंच: रात्री जंगलाच्या कडेला फिरायचंच नाही, तर तो हवा कशाला? हेडलाइटचं वायरिंग रिले टाकून नवं करा, उजेडातला फरक बघून नवल वाटेल.

विंच मला मुळात नको आहे असं नाही. पण विंच पूर्ण ताणावर असताना ४०० अँपिअरपर्यंत करंट ओढते. जुना अल्टरनेटर आणि साधी बॅटरी हे पेलत नाहीत. शिवाय बंपरसह पुढच्या पाट्यांवर साठ-सत्तर किलोंचा भार कायमचा येतो. त्याऐवजी पुढे-मागे दोन-दोन मजबूत हुक, चासीला आरपार बोल्टनं बसवलेले, बंपरला नाही. ताणली जाणारी काइनेटिक दोरी, दोन चांगल्या डी-शॅकल, फावडं, आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. आपल्याकडे अडकलेली गाडी शेवटी ट्रॅक्टरच काढतो, आणि ट्रॅक्टरवाला हमखास साखळी घेऊन येतो. साखळी तुटली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी येते. तुमचीच दोरी लावा, तिच्यावर ओलं पोतं टाका, आणि गावातली पोरं जवळ उभी असतील तर त्यांना लांब पाठवल्याशिवाय ओढायला सांगू नका.

पैसे उरले तर मागच्या डिफरन्शियलला लॉकर किंवा लिमिटेड स्लिप. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं चालत राहतं, आणि हा फायदा चार इंच उंचीपेक्षा किती तरी मोठा आहे. महिंद्रानंही २०१५ च्या थारला मागे लॉकिंग डिफरन्शियल कारखान्यातूनच दिलं. तुमच्या हाउसिंगला कुठला बसेल ते एक्सल शाफ्टच्या स्प्लाइन (टोकाच्या खाचा) मोजूनच ठरवा. नुसत्या फोनवर मागवू नका.

पात्रात उतरायचं असेल तर एक्सलच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर होण्याच्या छिद्राला) रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. मग महिनाभरानं क्राऊन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांचा) आवाज येऊ लागतो आणि कारण सापडत नाही. डिझेलला स्पार्कची भीती नाही, पण एअर क्लीनरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात नकोच. आणि आधी काठी घेऊन स्वतः चालून बघा, कारण गिरणा, तापी, पांझरा या पात्रांत वाळू उपसल्याचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल तर तापीच्या पात्राकडे फिरकू नका.

कायद्याचं शेवटी सांगतोय, पण खर्च करायच्या आधी वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. लोखंडी क्रॅश गार्डवर, म्हणजे तुमच्या मनातल्या बंपरसारख्या गोष्टींवर, २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राच्या सूचनेनं कारवाई होते. तुमचं पुढचं पासिंग २०२९ ला. मी सांगितलेली बहुतेक कामं दुरुस्तीत मोडतात. इंजिन बदलायचा मोह झाला तर आधी धुळ्याच्या आरटीओत लेखी परवानगी, मग इंजिन.

आणि जंगल. अनेर धरण, यावल आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे ठरलेला रस्ता सोडून गाडी घालणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. धडगाव-मोलगीकडे जिथे मोकळा उतार दिसतो तो बहुतेक वेळा पावरा किंवा भिल्ल कुटुंबाचं शेत असतं, पेरलेलं नसलं तरी. विचारून जा, वाट सोडू नका.

चासीचे आणि पाट्यांचे खालून काढलेले फोटो टाका. मागे किती पाटे आहेत, हँगरजवळ पत्रा किती उरलाय, आणि पुढे फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे हब) आहेत का, एवढं दिसलं की पुढच्या पैशांचा क्रम नक्की सांगता येईल.