मी युद्धावरून परतलेल्या सैनिकावर कादंबरी लिहितोय. त्याच्या मनातली घालमेल आणि त्याच्यातला बदल खरा कसा वाटेल?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या कादंबरीचा नायक रात्री किंचाळत उठतो, पितो, घरच्यांवर खेकसतो, मग शेवटून दुसऱ्या प्रकरणात बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो आणि मोकळा होतो. आणि ज्याला वाचायला द्यावं तो म्हणतो, "हे आधी कुठेतरी वाचलंय." वाईट वाटून घेऊ नका. माझा पहिला खर्डा जवळपास असाच होता. एका मैत्रिणीला तो दिला, तर तिने शेवटच्या पानावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "याला काय झालंय ते कळलं. याने काय केलंय?"

मी सैनिक नाही, डॉक्टरही नाही. एक सैनिक कागदावर उभा करताना सहा वर्षं घालवली, तेवढ्या बळावर लिहितोय.

आपण बहुतेक जण सैनिकाची भीती लिहितो. दार आपटलं की दचकणं, गर्दीत घाम फुटणं. ते खोटं नाही, पण भीती बाहेरून दिसते म्हणून लिहायला सोपी, आणि तिच्यावर तीनशे पानं निघत नाहीत. माणसाला आतून कुरतडतो तो हिशेब: मी काय केलं, काय करायचं राहून गेलं, ते गेले आणि मीच कसा उरलो. जॉनथन शे हे मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत. 1994 साली त्यांनी या सैनिकांचं बोलणं आणि ग्रीक महाकाव्यातला योद्धा अकिलीस शेजारी शेजारी ठेवून एक पुस्तक लिहिलं. जीव धोक्यात असताना, ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्या वरच्या माणसानेच 'जे योग्य' त्याचा घात केला, की आत काहीतरी मोडतं, असं त्यांचं म्हणणं. याला पुढे नैतिक जखम हे नाव रूढ झालं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेलं आणि डोळ्यांदेखत घडूनही थांबवता न आलेलंही धरलं. तुमच्या नायकाला यातलं नेमकं काय झालंय, हे आधी ठरवा. तिन्हींची औषधं वेगळी आणि तिन्हींची कादंबरीही वेगळी.

आपल्या लेखणीची आणखी एक खोड आहे. असा सैनिक म्हटला की ती आपोआप अश्वत्थाम्याकडे वळते. कपाळावरची भळभळती जखम, युगानुयुगं भटकणं वगैरे. पण ती जखम त्याला लढताना झालेली नाही, हे आपण सोयीने विसरतो. सौप्तिक पर्वात त्याने रात्री छावणीत शिरून झोपलेली माणसं मारली, त्यांत द्रौपदीचे पाच मुलगे होते. मणी गेला तो त्यानंतर. आणि खरं सांगू का, कादंबरीकाराच्या कामाचा अश्वत्थामा नाहीच, कारण त्याच्यात पुढे काही बदलत नाही. कामाचा आहे युधिष्ठिर. युद्ध जिंकलेला, सिंहासन समोर, आणि कर्ण आपला थोरला भाऊ होता हे सगळं संपल्यावर कळलेलं. राज्य नको, वनात जातो, म्हणतो. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, व्यास, कृष्ण, सगळे समजावतात. मग तो भीष्मांकडे जातो. ज्या म्हाताऱ्याला आपल्याच बाजूने बाणांवर निजवलं, त्याच्याच उशाशी बसून प्रश्न विचारत राहतो. आता हा सावरला असं वाटतं, तोच भीष्मांचा देह पडतो आणि आश्वमेधिक पर्वाच्या तोंडाशीच हा पुन्हा गंगेच्या काठावर कोसळतो. बदल सरळ रेषेत दाखवू नका, असं सगळेच सांगतात. ते कसं करायचं, ते इथे दिसतं.

आता माझा सैनिक. तो वायरलेसवर होता. देश कुठला, युद्ध कुठलं, हे मी पुस्तकात सांगितलेलंच नाही. पहिल्या खर्ड्यात त्याचा मित्र त्याच्या डोळ्यांसमोर मरतो, बस्स. मैत्रिणीच्या त्या ओळीनंतर मी त्याला एक कृत्य दिलं. बॅटरी वाचवायला त्याने सेट बारा मिनिटं बंद ठेवला. तसा हुकूम नव्हता, मनाईही नव्हती. सगळेच अधूनमधून ठेवायचे. त्या बारा मिनिटांत टेहळणीला गेलेल्या तिघांनी हाक दिली असेल, किंवा नसेलही. तिघं परतले नाहीत, त्यामुळे ते आता कुणालाच कळणार नाही.

एवढं ठरलं आणि बाकीचं आपसूक येत गेलं. त्या जातीच्या सेटवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणून पलीकडच्याला वाट द्यायची. खटका दाबलात की तुमचा आवाज जातो, पण दाबून आहात तोवर तुम्हाला पलीकडचं काही ऐकू येत नाही. आणि दाबल्या दाबल्या बोललात तर पहिलं अक्षर कापलं जातं, म्हणून आधी दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. हा माणूस घरी आल्यावरही कुणी काही विचारलं की अंगठा तर्जनीवर दाबतो, एका श्वासाएवढा थांबतो आणि मग उत्तर देतो. बायकोला वाटतं, थाप मारण्याआधी माणूस थांबतो तसा हा थांबतोय. घरातला संशय तिथून सुरू होतो. तिचंही अगदीच चूक नाही. तो लपवतोच आहे, फक्त तिला वाटतं ते नव्हे.

तो रात्री किंचाळत नाही, कारण तो झोपतच नाही. झोपणं म्हणजे सेट बंद करणं. कुणाची हाक आपल्याला ऐकू आली नाही हे कळलं की हाक मारणाऱ्यावरच भडकतो. मुलगी दुसऱ्या खोलीतून दोनदा "बाबा" म्हणाली आणि नळाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही, हा माझ्या पुस्तकातला सगळ्यात हिंसक प्रसंग आहे. त्यात कुणीही कुणाला मारत नाही. तो नळ बंद करतो आणि आठवडाभर घरात कुणाला तो पूर्ण सोडू देत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की लक्षणांची यादी शोधत बसू नका. ज्याला आपण लक्षण म्हणतो ती बहुतेक वेळा तिथे जीव वाचवणारी सवय असते. तिथे ती नसती तर माणूस मेला असता, इथे ती असल्यामुळे घर मरतं. तुमचा नायक तिथे काम काय करायचा? सुरुंग शोधायचा, गाडी चालवायचा, जखमींना उचलायचा? घरात तो कसा वागेल ते त्या कामातून काढा.

आठवणींबद्दल थोडं. अशी आठवण सिनेमासारखी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडत नाही. वास, आवाजाचा तुकडा, हाताला झालेला कसलासा स्पर्श असे सुटे अवशेष येतात, आणि आले की भूतकाळ म्हणून येत नाहीत. माणसाला आठवत नाही, तो तिथेच असतो. त्यामुळे तीन पानांचं सलग, क्रमवार युद्धवर्णन नायकाच्या डोक्यात घालू नका. क्रम लावता येत नाही हेच त्याचं दुखणं आहे. आणि घरच्यांना त्या आठवणी दिसत नाहीतच. त्यांना दिसतं ते टाळणं: अमुक रस्त्याने न जाणं, मित्रांचे फोन न घेणं, आनंदाच्या प्रसंगीही चेहरा कोरा. दुःखाला दार लावलं की त्याच दारातून येणारा आनंदही बाहेर राहतो.

बदल कसा दिसतो याचा मला सापडलेला सर्वात चांगला नमुना कादंबरीतला नाही, एका डॉक्टरच्या निबंधातला आहे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स पहिल्या महायुद्धात एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इथल्या लष्करी रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार करत. त्यांचा निबंध 1918 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातला एक अधिकारी मित्राला शोधायला गेला, तर त्याच्या देहाचे तुकडे विखुरलेले दिसले. तेच दृश्य रोज रात्री स्वप्नात. दिवसा ते विसरायचा त्याचा आटापिटा, आणि विसरा असाच सल्ला तोवर त्याला मिळालेला. रिव्हर्सनी ते विसरायला सांगितलं नाही, नीट बघायला सांगितलं. देहाची अशी अवस्था झाली याचाच अर्थ मित्र तत्क्षणी गेला, त्याला तळमळावं लागलं नाही. त्यानंतर काही रात्री स्वप्नच पडलं नाही. मग पडलं, ते तेच. तोच देह, तेच तुकडे. पण या वेळी तो शेजारी गुडघे टेकून बसला आणि मित्राच्या घरी पाठवण्यासाठी त्याच्या वस्तू काढू लागला, प्रत्यक्षात काढल्या होत्या तशा. पट्टा सोडवता सोडवता जाग आली तेव्हा तो रडत होता, पण घाबरलेला नव्हता.

स्वप्नातलं एकही दृश्य बदललं नाही. बदलला तो बघणारा. मी हे वाचलं आणि माझ्या शेवटच्या चार प्रकरणांवर काट मारली.

त्याच निबंधात रिव्हर्स आणखी एका अधिकाऱ्याची हकिगत देतात. त्याच्या अनुभवात हात धरायला अशी एकही कड नव्हती, निखळ किळस होती, आणि तिथे हा उपाय लागू पडला नाही हे ते लपवत नाहीत. तुमचा नायक या दुसऱ्या जातीचा असेल तर त्याला ओढून ताणून सांत्वन देऊ नका. वाचकाला ते लगेच कळतं.

अपराधभावाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कादंबरीत माझा सैनिक दुसऱ्या एका वायरलेसवाल्याला भेटतो आणि पहिल्यांदाच बारा मिनिटांचं बोलतो. तो दुसरा सहज म्हणतो, "अरे, मीपण ठेवायचो बंद. सगळेच ठेवायचे." मी ठरवलं होतं की हे ऐकून याचं ओझं उतरेल. लिहायला बसलो तर उलटंच झालं. हा उठला आणि त्या माणसाची गचांडी धरली. दोन दिवस मला कळेना की असं का. मग उमगलं: "माझी चूक होती" हे वाक्य भयंकर आहे, पण त्यात एक आधारही आहे. माझी चूक होती म्हणजे ते माझ्या हातात होतं, म्हणजे जगाला काही नियम आहे. सगळेच बंद ठेवत होते आणि हेच तिघं गेले, तर मग ते उगाचच गेले. हे कबूल करणं त्याला स्वतःला गुन्हेगार मानण्याहून जड जात होतं. शिवाय ती चूक हीच त्या तिघांशी उरलेली त्याची एकुलती एक नाळ. ती सोडली तर त्यांना तो दुसऱ्यांदा सोडणार. कथेतला खरा बदल त्या झटापटीनंतर सुरू होतो: "मीच मारलं" इथपासून "मी सेट बंद ठेवला होता, आणि ते मेले, आणि या दोन्हींच्या मध्ये काय आहे मला माहीत नाही" इथपर्यंत. ऐकायला छोटं अंतर वाटेल. माझी एकशे दहा पानं त्यात गेली.

पुस्तकी आधार हवा असेल तर मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. बहुतेक कादंबऱ्या पहिला टप्पा गाळून थेट रडण्यावर उडी मारतात. ज्याला रात्री झोप नाही त्याच्याकडून कबुलीजबाब काढणं ही क्रूरता आहे, पात्राच्या बाबतीतही. आणि रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात आघातानंतरच्या वाढीबद्दल लिहिलं, तेव्हा वाढ आणि वेदना एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात असं म्हटलं. वाढ दाखवायची म्हणून वेदना संपवायची गरज नाही.

काळाचं तेवढं सांभाळा. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी (आघातानंतर मनावर राहणाऱ्या ताणाचा आजार) हे नाव आलं, त्याआधीच्या सैनिकाच्या तोंडी ते नको. 1915 मध्ये डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी शेलशॉक (तोफगोळ्यांच्या माऱ्याने बसलेला धक्का) हा शब्द छापला. त्याआधी 1871 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर दा कोस्टा यांना सैनिकांच्या हृदयाचाच दोष वाटला होता. हे नुसतं शब्दांचं कुतूहल नव्हे. पहिल्या महायुद्धात पळ काढणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या 306 ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या सैनिकांना 2006 साली माफी मिळाली, आणि त्यांतले काही आज ज्यांना आपण आजारी म्हणू असे होते. तुमच्या नायकाला त्याचा काळ आजारी म्हणतो, भित्रा म्हणतो की काहीच म्हणत नाही, यावर तो स्वतःला काय म्हणेल ते ठरतं.

माझा शेवट विचारलात तर: मुलगी सात वर्षांची आहे. बाबा उत्तर देण्याआधी थांबतो हे तिला कळलंय, अंगठाही दिसलाय, आणि तिने त्याला विचारून विचारून वायरलेसचे नियम काढून घेतलेत. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "बाबा, उद्या मला सोडायला येशील का, ओव्हर." तो अंगठा दाबतो, थांबतो. "येईन," म्हणतो. ती तशीच उभी. मग त्याच्या लक्षात येतं. "ओव्हर," म्हणतो. नळ चालू असतो.

शेवटी तो अंगठा थांबलेला दाखवा, असं संपादकांचं म्हणणं होतं. मी दाखवला नाही.

तुमचा नायक काय करून आलाय ते सुचलं की प्रतिक्रियेत लिहा, पुढचं तिथे बोलू.