पहिला रेज किती करावा आणि थाप कोणाला मारावी

नो-लिमिट टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची उत्तरे या वेळी दिली आहेत. तीन पत्तीची सवय असलेल्या वाचकांसाठी एक खुलासा आधी केलेला बरा. पोकरमधील ‘ब्लाइंड’ म्हणजे पाने न पाहता खेळणे नव्हे. डीलरच्या बटणानंतरच्या (पाने वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या चकतीनंतरच्या) दोन खेळाडूंनी पाने वाटण्यापूर्वीच भरायच्या सक्तीच्या रकमांना तेथे ब्लाइंड म्हणतात.

प्रश्न : आम्ही सहा मित्र दर शनिवारी पैसे न लावता केवळ चिप्सवर खेळतो. ब्लाइंड 50 आणि 100 असतात. एक्का-राजा किंवा मोठी जोडी आली की मी 500 चा रेज करतो, म्हणजे लावायची रक्कम तेवढी वाढवतो, मध्यम पाने असतील तर 200 चा. मोठ्या रेजवर सगळे पॅक करतात, म्हणजे पाने टाकून देतात, आणि छोट्यावर तिघे-चौघे आत येतात. पुढे मारलेली थाप (ब्लफ) तर कोणी मानतच नाही. माझे कोठे चुकते? (नाशिक)

उत्तर : चूक तुम्ही पत्रात स्वतःच लिहून पाठवली आहे. तुमच्या रेजची रक्कमच तुमची पाने उघडी करते, आणि सहा जणांच्या जुन्या कंपूत ही गोष्ट दोन शनिवारांत सर्वांच्या ध्यानात येते. खेळायचे ठरवले की पाने कोणतीही असोत, रेज सारखाच, समजा 250 चा करावा. तुमच्या आधी कोणी नुसते 100 भरून आत आला असेल, तर अशा प्रत्येकामागे आणखी 100 वाढवावेत. रक्कम बदलायचीच असेल तर ती टेबलावर काय घडले आहे ते पाहून बदलावी, हातातील पानांकडे पाहून नव्हे.

आता हिशेब पाहू. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, ब्लाइंडचे 150 आहेत आणि ते मिळवण्यासाठी तुम्ही 250 पुढे करता, म्हणजे केवळ इतरांच्या पॅक करण्यावर विसंबायचे झाल्यास हा रेज 62.5 टक्के वेळा यशस्वी व्हायला हवा. तुम्ही सर्वांत आधी बोलत असाल तर तुमच्या मागे पाच जण उरतात, आणि त्यांतील प्रत्येक जण दहांपैकी नऊ वेळा पॅक करत असला तरी पाचही जण बाजूला होण्याची शक्यता 59 टक्केच भरते. याउलट बटणावर तुमच्या मागे दोघेच असतात. ते प्रत्येकी दहांपैकी आठच वेळा पॅक करत असले तरी दोघेही जाण्याची शक्यता 64 टक्के होते. म्हणून पहिल्या जागेवरून साधारण सहा हातांमागे एकच खेळावा आणि बटणावरून दहांपैकी चार खेळले तरी चालतील. त्याशिवाय बटणावर बसलेल्याला फ्लॉपनंतर (टेबलावर सर्वांसाठीची पहिली तीन पाने उघडल्यावर) प्रत्येक फेरीत सर्वांच्या शेवटी बोलायला मिळते, आणि हा फायदा माझ्या मते एखाद्या चित्राच्या पानापेक्षा मोठा आहे.

तुमची थाप का चालत नाही, याचे उत्तरही येथेच आहे. फ्लॉपवर एक्का आला आणि आपल्याकडे एक्का असल्याचा आव आणायचा असेल, तर आधी एक्का असणाऱ्यासारखा रेज झालेला असावा लागतो. एक्क्यावर तुम्ही 500 चा रेज करता हे सर्वांना पाठ आहे. मग 200 भरून आलेल्या माणसाकडे एक्का आहे, हे कोणी का मानावे?

प्रश्न : समोरच्याने रेज केल्यावर त्यावर पुन्हा रेज करून थाप मारायची असेल, तर एकाच रंगाचे एक्का-पंजी चांगले असे माझा मित्र सांगतो. एक्का-गुलाम त्याहून वरचढ नाही का? (पुणे)

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. समजा, मोठ्या फेररेजनंतरही समोरचा केवळ एक्क्यांची, राजांची किंवा राण्यांची जोडी आणि एक्का-राजा एवढ्यांवरच टिकून राहतो. प्रत्येक जोडी 6 प्रकारे आणि एक्का-राजा 16 प्रकारे येऊ शकतो, म्हणजे एकूण 34 जुळण्या होतात. तुमच्या हाती एक एक्का असला की एक्क्यांची जोडी 3 प्रकारे आणि एक्का-राजा 12 प्रकारेच उरतो, आणि 34 च्या 27 होतात. एवढे काम कोणताही एक्का करतो, पण त्याच्या जोडीला गुलाम असेल आणि कॉल झाला, म्हणजे समोरच्याने तेवढीच रक्कम भरली, तर एक्का जुळूनही एक्का-राजासमोर तुम्ही मागेच राहता. शिवाय एक्का-गुलाम हा सरळ खेळण्याजोगा हात असून तो थापेत खर्ची घालण्याचे कारण नाही. एकाच रंगाच्या एक्का-पंजीला मात्र फ्लशची (एकाच रंगाच्या पाच पानांची) आणि एक्का ते पंजी अशा सिक्वेन्सची वाट मोकळी असते.

किंमत मात्र विसरू नये. 250 च्या रेजवर तुम्ही 800 केलेत, तर 400 च्या पॉटसाठी 800 लावलेले असतात, म्हणजे तीनपैकी दोन वेळा समोरच्याने पॅक करायला हवे. एकदा रेज केल्यावर पॅक करणे ज्याला अपमानास्पद वाटते, त्याच्यासमोर ही पंजी गुपचूप फेकून द्यावी.

प्रश्न : रिव्हरवर (टेबलावरील शेवटचे, पाचवे पान उघडल्यावर) काहीच जुळलेले नसताना सगळ्या चिप्स पुढे सारण्याचे धैर्य मोठे खेळाडू कोठून आणतात? (ठाणे)

उत्तर : धैर्याचा वाटा लोक समजतात त्याहून कमी असतो. पॉट 1000 चा असताना 500 ची थाप तीनपैकी एकदा चालली तरी नुकसान होत नाही; 1000 ची थाप निम्म्या वेळा चालावी लागते.

लास व्हेगासमधील 2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत शेवटचे दोघे उरले असतानाचा एक डाव पाहा. टेनेसीचे हिशेबनीस ख्रिस मनीमेकर यांच्या हाती इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. सॅम फरहा यांच्याकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. फ्लॉपवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की पडली, टर्नला (चौथ्या पानाला) इस्पिकची अठ्ठी आली. फरहा यांची नव्व्यांची जोडी पुढे होती; त्यांनी पैसे लावताच मनीमेकर यांनी रेज केला. त्या क्षणी हाती काहीच नव्हते असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण न दिसलेल्या 44 पानांपैकी उरलेली 8 इस्पिके, इतर रंगांच्या 3 पंज्या, 3 दश्श्या आणि 3 राजे अशी 17 पाने त्यांना जिंकवणारी होती. फरहा यांनी कॉल केला. रिव्हरला बदामची निरुपयोगी तिर्री पडली आणि मनीमेकर यांनी सर्व चिप्स पुढे केल्या. टर्नचा रेज फ्लश लागलेल्या माणसाचाच वाटत होता आणि शेवटची चालही त्याला धरूनच होती. फरहा यांनी बराच वेळ विचार करून जोडी टाकून दिली. मनीमेकर यांची ती थाप मला आवडते ती टर्नमुळे. रिव्हरच्या चालीचेच कौतुक अधिक होते, एवढेच.

तुमच्या शेजारच्या खुर्चीत फरहा बसलेले नसतात, हेही ध्यानात असू द्या. विचार करून पॅक करणाऱ्यालाच थाप मारता येते. ‘बघू तरी काय आहे’ असे म्हणत कॉल करणाऱ्याकडून चांगली पाने आल्यावर पुरेपूर वसूल करावे आणि बाकी वेळ त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.

प्रश्न : गोव्यात मांडवीवरील एका कॅसिनोत 50-100 च्या टेबलावर मी 500 ची एक चिप पुढे टाकली. डीलरने तो 100 चा कॉल धरून 400 परत केले. हा अन्याय नाही का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल, असा सर्वत्र रूढ नियम आहे. आधी स्पष्टपणे ‘रेज’ म्हणावे आणि मग चिप टाकावी. चिप्स दोन खेपांत पुढे सरकवल्या तर रेजची पूर्ण रक्कम आधी तोंडाने सांगावी, नाहीतर दुसरी खेप धरली जात नाही.